तुम्ही विचारलंत म्हणून: इंग्लिश लिटरेचरच्या इंटरव्ह्यूची तयारी

मी इथे लंडनला सिक्स्थ फॉर्मच्या, म्हणजे शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांच्या मुलांना इंग्लिश शिकवते, त्यामुळे गणपतीत कुणी भेटलं की हमखास विचारतं, "आमची मुलगी ऑक्सफर्डला इंग्लिशसाठी अप्लाय करतेय, इंटरव्ह्यूची तयारी कशी करून घ्यायची?" पुण्याहून फोन येतात ते वेगळेच. फॉर्मची मुदत १५ ऑक्टोबर आणि इंटरव्ह्यू डिसेंबरात, म्हणजे गणपतीत विचारताय ते अगदी वेळेवर विचारताय.

आधी एक सांगते, उत्तरं पाठ करून घेऊ नका. समोर बसतात ते त्या विषयाचे ट्यूटर, बरेचदा पुढे तिला शिकवणारेच. ऑक्सफर्डचं ट्युटोरियल काय किंवा केंब्रिजचं सुपरव्हिजन काय, दोनतीन मुलं आणि एक शिक्षक मिळून एखाद्या लेखनावर तासभर बोलतात, तसंच थोडा वेळ बोलून बघायचं असतं त्यांना. म्हणून बरेचदा एक कविता नाहीतर उतारा हातात देतात आणि विचारतात, काय दिसलं? कवीचं नाव कधीकधी नसतंच. ही पद्धत जुनी आहे, केंब्रिजला आय. ए. रिचर्ड्स हे समीक्षक-शिक्षक १९२० च्या दशकात नावं काढून टाकलेल्या कविता मुलांना वाचायला द्यायचे आणि मत लिहून मागायचे, आणि चांगली वाचणारी मुलंसुद्धा तिथे गडबडायची, कारण मोठ्या नावाचा आधारच गेलेला.

म्हणून मी मुलांना रोज एक छोटी कविता मोठ्याने वाचायला लावते, मोठ्याने हे महत्त्वाचं, कारण ओळ संपते पण वाक्य संपत नाही ही गोष्ट डोळ्यांना दिसायच्या आधी जिभेला कळते. मग विचारते, कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय, क्रियापदाचा काळ कुठे बदलला, कुठला शब्द तिथे असेल असं वाटलं नव्हतं. शेक्सपिअरचं अठरावं सॉनेट (चौदा ओळींची कविता) घ्या, 'तुला उन्हाळ्याच्या दिवसाची उपमा देऊ का' असं विचारणारं. पुण्यात वाढलेल्या एका मुलीने मला सरळ विचारलं की मॅम, उन्हाळ्याची उपमा हे कौतुक कसं काय? मला हा प्रश्न फार आवडला! आपला मे म्हणजे वैशाखवणवा, त्याच्या कवितेतला मे म्हणजे कोवळ्या कळ्या आणि त्यांना हलवणारा वारा, शिवाय तेव्हा इंग्लंडचं कॅलेंडर आजच्यापेक्षा दहा दिवस मागे होतं, म्हणजे त्याचा मे आपल्या जूनमध्ये दहा दिवस शिरायचा. आणि गंमत बघा, तो उन्हाळ्याची एकेक उणीव काढतो, पण ज्याला उद्देशून लिहितोय त्या माणसाचे डोळे कसे, केस कसे, काही म्हणजे काही सांगत नाही. नववी ओळ 'बट'ने, म्हणजे 'पण'ने सुरू होते आणि कविता वळते, आणि शेवटी अमर कोण होतं तर ही कविता, आणि तिच्यामुळे तो माणूस. हे सगळं तिने आपलं आपण शोधलं, एका प्रामाणिक प्रश्नावरून. ट्यूटरना हेच हवं असतं.

मग ते उलटतपासणी करतील, "पण ही ओळ तर तुझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जातेय ना?" इथे मुलं घाबरतात, आपलं चुकलं असं समजून गप्प होतात किंवा हट्टाला पेटतात. दोन्ही नको. ओळ परत वाचायची, पटलं तर मत बदलायचं आणि का बदललं ते बोलून दाखवायचं, नाही पटलं तर कवितेतला शब्द दाखवून सांगायचं. विचार करायला वेळ मागितला तरी चालतो.

पर्सनल स्टेटमेंटमध्ये (म्हणजे फॉर्ममध्ये स्वतःबद्दल लिहायचं ते; आता तीन प्रश्नांच्या रूपात असतं, एकूण ४००० अक्षरं) जे पुस्तक लिहिलंय ते खरंच वाचलेलं हवं. ऑक्सफर्डला शाळेतला निबंधही पाठवावा लागतो, तो इंटरव्ह्यूआधी परत वाचायचा, त्यावरही विचारू शकतात. आणि मराठी वाचलेलं सांगायचं का, असं विचारता, तर हो, अवश्य! अरुण कोलटकर मराठी आणि इंग्लिश दोन्हींत लिहायचे, त्यांच्या 'जेजुरी' या इंग्लिश कवितासंग्रहाला १९७७ चं कॉमनवेल्थ पोएट्री प्राइज मिळालं. ज्या मुलीने जेजुरीच्या पायऱ्या चढल्यात तिला त्या कवितांबद्दल सांगण्यासारखं नक्की काहीतरी असेल, फक्त ते कवितेतल्या शब्दांना धरून सांगायला हवं.

ऑक्सफर्डचे इंटरव्ह्यू हल्ली ऑनलाइन असतात, इथले सकाळचे दहा म्हणजे पुण्यात दुपारचे साडेतीन, तेव्हा शांत खोली आणि चांगलं नेट एवढं बघा. उच्चारांची काळजी करू नका. महागडी कोचिंग पॅकेजेस घेऊ नका, मला ती अजिबात पटत नाहीत, मुलं सगळी एकसारखीच बोलायला लागतात.

त्यापेक्षा रात्री जेवणं झाली की तुम्हीच तिच्याशेजारी बसा. इंग्लिश कविता कळत नसेल तर उत्तमच, न कळलेल्या ओळीवर बोट ठेवा आणि विचारा, हे काय म्हणतोय गं? ती समजावून सांगेल, मध्येच अडकेल, परत वाचेल. अशी तयारी डिसेंबरपर्यंत रोज करता येते.