गटकाम सक्तीचं का नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

“ऑनलाइन कोर्समध्ये तुम्ही गटकाम सक्तीचं का करत नाही?” सहकारी शिक्षक विचारतात, आणि मुलं एकलकोंडी होतील हेही मागोमाग ऐकवतात. एकदा सविस्तर सांगते.

एका संस्थेसाठी मी ऑनलाइन शिकवत होते. पाच जणांचा गट, एक प्रकल्प, आणि शेवटी एकमेकांच्या सहभागाला गुण द्यायचे, असा नियम. एका गटात रात्रपाळी करणारी परिचारिका होती. गटाची बैठक रात्री नऊला, म्हणजे नेमकी ती वॉर्डात असताना. तिनं वेळ बदलायला सुचवलं. बाकीच्यांना तीच सोयीची होती. मग ती ड्यूटी संपवून पहाटे आपला भाग लिहायची. सामायिक फाइलमधल्या बदलांच्या नोंदी मी स्वतः उघडून पाहिल्या: तक्ते तिचे, दुसऱ्यांचे चुकलेले आकडेही तिनंच दुरुस्त केलेले. सहभागाच्या रकान्यात मात्र चौघांनीही शून्य दिलं. कारण काय, तर “मीटिंगला नसते.” त्या नोंदी मी संस्थेपुढे ठेवल्या. गटानं दिलेले गुण शिक्षकाला बदलता येत नाहीत, असं उत्तर आलं. तिनं कोर्स सोडला. ते चौघं वाईट नव्हते. हजेरी म्हणजेच काम, हे त्यांना नियमानं शिकवलं होतं.

नॉर्वेचे अभ्यासक मोर्टेन फ्लाटे पॉलसेन यांनी १९९३ मध्ये शिकणाऱ्याच्या स्वातंत्र्याच्या सहा बाजू मांडल्या: वेळ, जागा, गती, माध्यम, प्रवेश, अभ्यासक्रम. सक्तीची बैठक त्यातली वेळ आणि गती थेट काढून घेते. पण एकट्यानंच शिका, असं पॉलसेनही म्हणत नाहीत. सोबत हाताशी असावी, गळ्यात पडू नये. म्हणून माझ्याकडे गती ज्याची त्याची. स्वाध्याय जमा केला की इतरांचे वाचायला खुले होतात, आणि हवा असेल त्यानं अभ्याससोबती निवडावा.

एवढं बोलून माझं समाधान होतं का? नाही. एके काळी मीच गटकामाची कट्टर समर्थक होते, आणि ती जुनी मी अजून भांडते: ज्याला सोबतीची सर्वांत जास्त गरज, तो ती मागतो का? नाही मागत. मागच्या तुकडीतला एक जण मध्येच थांबला. तो कुणाशीच बोलला नव्हता. सोबती सुचवणाऱ्या माझ्या निरोपालाही त्यानं उत्तर दिलं नाही. सक्ती असती तर टिकला असता? असेलही. पहिल्या आठवड्यात प्रत्येकानं निदान एका सहाध्यायीच्या स्वाध्यायावर लिहायलाच हवं, असा नियम करावा का, हे अजून ठरत नाहीये. मीटिंगच्या हजेरीला गुण मात्र मी देणार नाही.