माईंची किल्ली

शनिवार, रात्री साडेअकरा

झोप येत नाही म्हणून उठून बसले. खरं तर आज पाठ टेकताच डोळा लागायला हवा होता. चार दिवस मागच्या खोलीत राबतेय. माळा रिकामा झाला, कपाटाच्या वरचं सगळं उतरलं, खोलीची फरशी दिसायला लागली. अनू दोनदा विचारून गेली, "आई, मोकळं वाटतंय ना आता?" दोन्ही वेळा हो म्हटलं. तिसऱ्यांदा विचारलं असतं तर रडू आलं असतं.

झालंय ते एवढंसं. एक किल्ली गेली.

भंगारवाला दुपारी तीनला आला. 27 किलो रद्दी निघाली, त्यात टेलिफोनच्या जुन्या डिरेक्टऱ्याच सहा. बाकीचं त्यानं जिन्यापाशी मांडून वेगळं केलं: पत्रा एकीकडे, बीड एकीकडे, पितळेला वेगळं पोतं. माईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, डालड्याचा डबा मी त्याला बंदच दिला होता. झाकण गंजून बसलं होतं, माझ्याच्यानं निघेना. त्यानं पेचकस घालून ते उचकटलं आणि डबा फरशीवर उपडा केला. सुतळीचे तुकडे, बटणं, कुकरची जुनी रिंग, स्टोव्हच्या पिना आणि ती किल्ली. चांगली बोटभर लांब, लोखंडी, दांडा आतून पोकळ. कडीत लुगड्याच्या लाल काठाची चिंधी बांधलेली. "काकू, हे पण द्यायचं ना?" त्यानं विचारलं. माझं लक्ष काट्याकडे होतं. "सगळंच घे," म्हटलं. त्यानं ब्लेडनं चिंधी कापली, किल्ली लोखंडात टाकली. लोखंडावर लोखंड पडल्याचा आवाज मी ऐकला, आणि तरी काही सुचलं नाही.

सुचलं ते तासाभरानं, केर काढताना. सुतळी आणि बटणं त्याच्या कामाची नव्हती, ती तिथेच पडली होती. त्यांत ती चिंधी. ब्लेड बरोबर गाठीच्या समोरच्या बाजूला लागलं होतं, त्यामुळे गाठ शाबूत. माईंची गाठ, दोनदा फिरवून आत घातलेली. चिंधी बोटांत धरली आणि त्यांचं वाक्य त्यांच्याच आवाजात ऐकू आलं, "खोलीला कुलूप लावून निघाले होते गं. किल्ली राहिली, खोली गेली."

तशीच चप्पल घालून दुकानात गेले. तो म्हणाला, "लोखंडाची गाडी आत्ताच गेली काकू. कशाची होती?" कशाची होती हे मला सांगता आलं नाही.

आणि माझं सगळं अडलंय ते तिथेच. ती तीच किल्ली होती का? पुण्यातल्या शनिवार पेठेतल्या वाड्यातली? की घरात असतात तशा दहा बिनकुलुपाच्या किल्ल्यांतली एक? माईंनी किल्ली आहे म्हणून सांगितलं होतं, पण कधी दाखवली नव्हती. मी कधी "दाखवा" म्हटलं नाही. सदतीस वर्षं एका स्वयंपाकघरात वावरलो आम्ही. पानशेतची गोष्ट मी किमान पन्नासदा ऐकली असेल, तीही कणीक मळता मळता, अर्ध्या कानानं. 12 जुलै 1961, बुधवार. वार त्या कधी विसरल्या नाहीत. सकाळी धरण फुटलं, नवीन धरण, पहिल्याच पावसाळ्यात भरलेलं. मग खडकवासलाही फुटलं, आणि पाणी पेठांत शिरलं. नदीकाठचे मातीच्या भिंतींचे वाडे पाण्यात उभ्या उभ्या विरघळले. हे तेव्हा आठ महिन्यांचे, माईंच्या कडेवर. पाणी ओसरल्यावर त्या परत गेल्या तेव्हा दार नव्हतं, भिंत नव्हती, मांडीएवढा चिखल होता. नेसत्या लुगड्यानिशी शाळेत राहिल्या आणि मग गोखलेनगरच्या पूरग्रस्त वसाहतीत.

हे सगळं मला पाठ आहे. पण किल्ली कमरेला होती की हातात, ती पुढे कुठे ठेवली, हे मी विचारलं नाही. आता विचारायचं कोणाला?

मला आज फार एकटं वाटतंय. "काढून टाका" म्हणायला सगळे होते. वन्संनी फोनवरून सांगितलं, अनूनं यादी करून दिली, हेही म्हणाले की तुला जमेल तसं कर. टाकायची वेळ आली तेव्हा मात्र पोत्याशी मी एकटी. माईंच्या शेवटच्या दोन महिन्यांतही असंच... तो विषय आज नको.

अनूचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तिला माझी झोप दिसत होती. तिनं मला एक संशोधन वाचून दाखवलं होतं, 2010 सालचं, लॉस एंजलिसमधलं. नवरा-बायको दोघंही नोकरी करणारी घरं घेतली होती. प्रत्येकाला आपलं घर फिरून दाखवायला सांगितलं, आणि दाखवताना ते कोणकोणते शब्द वापरतात ते मोजलं. ज्या बायका पसाऱ्याबद्दल, अर्धवट पडलेल्या कामांबद्दल बोलत राहिल्या, त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल दिवसभरात उतरायला हवं तसं उतरत नव्हतं. कॉर्टिसॉल म्हणजे ताणाचं संप्रेरक. संध्याकाळ होईपर्यंत त्यांचं मनही जास्त खचलेलं असायचं. ऐकताना वाटलं, ही माझीच तपासणी केलीय कोणीतरी. माईंच्या पश्चात तीन वर्षं त्या खोलीचं दार मी लोटूनच ठेवलं होतं. समोरून जाताना छातीत काहीतरी दडपायचं. तिकडे बघून रोज एकच शब्द मनात यायचा, अडगळ.

आत्ता लिहिताना कळतंय की त्या लोकांनी सामान मोजलं नव्हतं, बोलणं मोजलं होतं. त्याच खोलीत माई अकरा वर्षं राहिल्या, त्याच सामानासकट, आणि त्यांच्या तोंडून पसारा हा शब्द मी एकदाही ऐकला नाही. त्या म्हणायच्या, "असू दे. लागतं." दुधाच्या धुतलेल्या पिशव्या, घडी करून रबरात बांधलेल्या: लागतं. रिकाम्या बाटल्या: लागतं. 72 च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळायची, तिच्या भाकरी थापता थापता तुटायच्या, त्या दिवसांतला पिठाचा डबासुद्धा त्यांनी जपला होता. एका दिवसात ज्याचं सगळं गेलं, त्या माणसाला सुतळीचा तुकडा कसा दिसत असेल? मला ती सुतळी दिसत होती. त्यांना बहुधा पुढची वेळ दिसत असणार.

म्हणजे मी त्यांचा आधार विकला का? 27 किलो रद्दी आणि भांड्याकुंड्यांचे मिळून त्यानं 1,140 रुपये दिले. ते पैसे मी देवघरात ठेवलेत, पर्समध्ये घालवेनात.

चिंधी उशाशी आहे. आता दिवा मालवते.


रविवार, दुपारी चार

सर्वपित्रीचं पान झालं. खीर, वडे, गवार-भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी, सगळं माईंच्या हातच्यासारखं करायचा प्रयत्न केला. त्यांना लागायचं तसं आलं जास्त घातलं चटणीत. गच्चीत घास ठेवला. वेळ लागला थोडा, पण कावळा शिवला. हे खाली येऊन नुसते म्हणाले, "घेतलं आईनं." मी किल्लीचं यांना अजून सांगितलेलं नाही.

जेवणं आटोपल्यावर आत्यांना साताऱ्याला फोन लावला. त्या काळातलं माणूस आता त्यांच्याशिवाय कोणी नाही. इकडचं तिकडचं बोलले आणि मग न राहवून विचारलंच, "आत्या, वाड्यातल्या खोलीची किल्ली माईंनी नंतर कुठे ठेवली होती, आठवतं का तुम्हाला?"

"कसली किल्ली?"

"पुराच्या दिवशीची. कुलूप लावून निघाल्या होत्या ना."

आत्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, पाणी आलं पाणी आलं म्हणून गल्लीत ओरडा झाला आणि आम्ही पळत सुटलो. मी नऊ वर्षांची. वहिनीच्या कडेवर बाळ, दुसऱ्या हातात माझा हात. कुलूप लावायला तिसरा हात कुठून आणणार होती ती? दार उघडं टाकून निघालो आम्ही. चुलीवर आमटी होती."

फोन ठेवला आणि तिथेच खुर्चीत बसून राहिले. आधी वाटलं, सुटले. कुलूपच नव्हतं तर ती किल्ली नव्हतीच, गेली ती कुठलीतरी गेली. पण ते सुटल्याचं काही टिकलं नाही. नऊ वर्षांच्या मुलीला काय आठवणार, असं मन म्हणतं. आमटी आठवते म्हणजे सगळंच आठवत असेल, असंही तेच म्हणतं. आणि माई खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. साठ वर्षं त्या सांगत आल्या की मी कुलूप लावून निघाले. उघडं टाकून आले हे बाईमाणसाला सहन झालं नसेल. चोवीस वर्षांची सून, सासूबाई गावाला गेलेल्या, घर तिच्यावर टाकलेलं. रोज रात्री मनात परत जाऊन त्यांनी दाराला कुलूप घातलं असेल. घालता घालता एक दिवस ते लागलं असेल. मग कुठलीतरी एक किल्ली हाती आली असेल आणि तिला लुगड्याचा काठ बांधला असेल.

की खरंच लावलं होतं? मला कधीच कळणार नाही. रात्री हेच वाक्य जिवाला डाचत होतं. आत्ता ते लिहिलं तेव्हा हात थांबला नाही. मी विचारलं असतं तरी माईंनी मला कुलुपाचंच सांगितलं असतं. चिखलातून त्यांनी तेवढंच वर काढलं होतं, आणि ते मला त्यांनी पन्नासदा दिलं. अर्ध्या कानानं का होईना, माझ्यापाशी ते आहे.

पाच मिनिटं मागच्या खोलीत जाऊन बसले. खिडकीपुढची ट्रंक हलल्यामुळे खिडकी उघडता येतेय आता. बिजागरीत तेल घातलं, दोन्ही झडपं ढकलली. समोरच्या पारिजातकाची फांदी इतकी जवळ आलीय हे मला ठाऊकच नव्हतं. वारा आत आला आणि खोलीतला तो वास, जुनं कापड, डांबराच्या गोळ्या, औषधं, जरा हलला. छातीत दडपलं नाही. चार दिवसांच्या कामानं एवढं केलं, आणि ते मी नाकारणार नाही. आवरायला हवंच होतं. आवरलं म्हणून मी कृतघ्न ठरत नाही, हे मला स्वतःला दोनतीनदा सांगावं लागलं, पण पटलं.

उरलेल्या दोन ट्रंका मात्र अनूच्या यादीप्रमाणे नाही करायच्या. वस्तू हातात घेऊन ठेवायची की टाकायची एवढंच ती विचारते. मी आधी यांना बोलावणार, मग वन्संना, आणि एकेक वस्तू कोणाची, कुठून आली, ते ज्याला जेवढं ठाऊक असेल तेवढं वहीत लिहून घेणार. पातेल्यांवर नावं तरी कोरलेली आहेत, कोणाच्या लग्नात कोणी दिलं ते. बाकीच्यांवर काही नाही. मग जाऊ देत, कुठे जायची तिथे.

यांना रात्री जेवताना सांगेन किल्लीचं. आत्या काय म्हणाल्या तेही सांगू का, ते ठरत नाहीये.

उद्या घट बसायचे. काळी माती आणून ठेवली, पत्रावळ आणली, सात धान्यं निवडून झाली. वरच्या खुंटीपासून घटापर्यंत माळ सोडायला सुतळी हवी होती आणि घरात नवीन नव्हती. यांना खाली पाठवणार होते. मग केरातून उचललेल्या माईंच्या सुतळीचं आठवलं. स्टीलच्या डब्यात घालून ठेवली होती ती. वीतभर, दीड वीत, एवढेच सगळे तुकडे. काहींना दोन्ही टोकांना त्यांच्या गाठी, त्या सोडवायला नखं लागली. पाच तुकडे एकमेकांना जोडले, दोनदा फिरवून आत घातलं, ओढून बघितलं. पुरली.