आजीचं पातळ, आजोबांचं धोतर आणि एक सूत

मागच्या आठवड्यात नागपुरात थंडी एकदम वाढली म्हणून दिवाणातून आजीची गोधडी काढली आणि बघते तर आतल्या कापडाचा पार भुगा झालेला, टाके तेवढे जागेवर. मधोमध एक मोठं भोक. खूप वाईट वाटलं. पण त्याच दिवाणात तिचं एक गर्द हिरवं सुती नागपुरी पातळ आणि आजोबांचं पांढरं धोतर अजून धड होतं, म्हटलं यातूनच नवीन करू. आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते, टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केलेली ती मिल, आता तिथे मॉल आहे, त्यामुळे त्यांचं कापड कापायला हात जरा अडखळलाच.

या वेळी मला नऊ चौकोनांचा ब्लॉक करायचा होता, नाइन पॅच. ब्लॉक म्हणजे तुकडे जोडून केलेला एक मोठा चौकोन, असे बरेच जोडले की गोधडीचा वरचा थर होतो. अमेरिकेत पूर्वी लहान मुलींना शिवण शिकवताना बऱ्याचदा हाच आधी करायला देत. पाच गडद चौकोन, चार फिके, तीन-तीनच्या ओळी. प्रत्येक चौकोन साडेतीन इंचाचा कापायचा, जोडाच्या प्रत्येक शिलाईत दोन्ही कापडांचा पाव-पाव इंच जातो, बाहेरच्या कडा तशाच राहतात, म्हणून नऊ जोडले की ब्लॉक साडेनऊ इंच भरायला हवा. माझा भरला बरोबर नऊ. परत मोजला, नऊच!

आई म्हणाली, "सकाळपासून काय मोजून राहिली तू? आजीनं कधी टेप धरला होता का?" खरंच नव्हता धरला. ती गच्चीवर उन्हात लुगडं अंथरायची, वर धोतराचे थर, आणि कडेनं धावदोरा घालत घालत गोल फिरत मध्यापर्यंत यायची, जिथे विरलं तिथे ठिगळ. तिथे अर्धा इंच इकडेतिकडे झालं तरी गोधडीला काही होत नाही, पण ब्लॉकमध्ये शेजारच्याशी कोपरा जुळायलाच लागतो.

मग शोधलं कुठे चुकतंय ते. मी मशीनच्या फूटच्या (सुईखाली कापड दाबून धरतो तो भाग) कडेला कापड लावून शिवत होते आणि माझ्या मशीनवर ती कड सुईपासून दोन नाही, तीन सुतांवर आहे. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आडव्या दोन शिलाया, प्रत्येक शिलाईत दोन कापडं, म्हणजे चार ठिकाणी एक-एक सूत जास्त गेलं आणि तिथेच अर्धा इंच संपला. सुईपासून मोजून दोन सुतांवर, म्हणजे पाव इंचावर, मशीनच्या प्लेटवर चिकटपट्टी लावली, आता तिलाच कापड टेकवून शिवते.

दुसरी गोष्ट कापडाची. जुनं सुती इतकं मऊ झालेलं असतं की कात्रीखाली सरकतं, चौकोन तिरपे होतात. तेव्हा आठवलं, आजी कधी कापत नव्हती, काठाशी छोटीशी चीर द्यायची आणि टर्रकन फाडायची, मला वाटायचं घाई आहे म्हणून, पण फाडलेलं कापड धाग्याच्या रेषेतच जातं ना! आता मी चार इंचाच्या पट्ट्या फाडते (कडेचे धागे सुटतात म्हणून जास्त धरते), भाताच्या पेजेत बुडवून वाळवते, कडक इस्त्री करते आणि मग साडेतीनला कापते, एकदम कोऱ्या कापडासारखं वागतं.

आणि इस्त्री करताना शिलाईमागचं जादा कापड नेहमी हिरव्या बाजूला पाडायचं. नाहीतर पांढऱ्या धोतराखालून हिरवं दिसतं. शिवाय यानं वरच्या-खालच्या ओळीच्या शिलाया बाहेर वळतात, मधल्या ओळीच्या आत, त्यामुळे ओळी जोडताना त्या एकमेकींत घट्ट बसतात, बोटानं चाचपलं तरी कळतं. मला तो क्षण फार आवडतो.

दुसरा ब्लॉक साडेनऊ भरला. तिसराही! सिंगल बेडला पाच बाय सात, पस्तीस लागतील, कडेचा पाव-पाव इंच शिलाईत जाऊन शिवून झाल्यावर पंचेचाळीस बाय त्रेसष्ट इंच. पातळ पुरेल असं दिसतंय, धोतर मात्र जपून वापरावं लागेल.

तो पहिला, नऊ इंचाचा, यांच्यात बसत नाही. आई म्हणाली, "आजीच्या गोधडीला भोक पडलंय ना, तिथे लाव." काल दुपारी गच्चीवर नेऊन लावला, कडेनं आत, हातानंच.