वहीतला चौथा फवारा

दुपारी एका शेतकऱ्याला दोघांनी उचलूनच अपघात विभागात आणलं. अंग घामाने निथळत होतं, तोंडातून लाळ गळत होती, नाडी 44 आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. विषबाधा दिसतच होती. मी त्याच्या बायकोला विचारलं, "औषध प्यायलेत का?"

ती संतापली. "प्यायचे कशाला? सकाळपासून बागेत मारत होते!"

तिचा तो चेहरा अजून आठवतो. रोगी शेतकरी दिसला की आपण आधी आत्महत्येचाच संशय घेतो, हे चूक आहे.

सिस्टरनी शर्ट कापला. पाठीवरचा पंप गळत होता. तो जिथे टेकतो तेवढीच कातडी भिजून लाल झाली होती. फळझाडाला फवारताना नळी वर धरावी लागते, त्यामुळे तुषार तोंडावर, मानेवर पडत राहतात. ऑर्गनोफॉस्फेट प्रकारचं कीटकनाशक कातडीतून सरळ आत जातं. म्हणून कपडे उतरवून, साबणाने अंग धुऊन काढणं हाही उपचारच. एकीकडे ते चालू होतं, दुसरीकडे या विषावरचा उतारा, अॅट्रोपिन: दर पाच मिनिटांनी आधीच्या दुप्पट. बाहुल्यांपेक्षा छातीकडे लक्ष ठेवायचं असतं. छातीतली घरघर थांबून नाडी 80 च्या वर यायला तासभर लागला.

मी फवारलेल्या औषधाची बाटली मागवली होती. त्याच्या भावाने फवाऱ्यांची वही आणली, कारण दोन औषधं एकत्र केली होती आणि नावं तिच्यातच होती. तारीख, औषध, मात्रा, खर्च. पहिल्या फवाऱ्यानंतर दुसरा 20 दिवसांनी, तिसरा त्यानंतर 14, चौथा त्यानंतर 9. "दुसऱ्यानंतर लाल कोळी उलट वाढला," भाऊ म्हणाला. लाल कोळी म्हणजे पानांतला रस शोषणारी बारीक कीड. वाढणारच. कोळ्याला खाणारे किडे फवाऱ्यात आधी मरतात, आणि जे कोळी वाचतात त्यांची पिलं त्याच औषधाला दाद देत नाहीत. मग मात्रा वाढते, खर्च वाढतो, आणि पंप पुन्हा त्याच पाठीवर चढतो. त्यात तोडणी तोंडावर आलेली. फवाऱ्यानंतरचे ठरलेले दिवस थांबावं तर फळ जास्त पिकतं, न थांबावं तर फळात औषधाचे अंश सापडून माल परत येतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो बोलत होता. मी म्हटलं, "उशीवरून मान उचला बघू." उचलता आली नाही. बाधा ओसरल्यासारखी वाटते तेव्हाच मानेचे आणि श्वासाचे स्नायू लुळे पडू शकतात, याचीच धास्ती होती. सहा दिवस व्हेंटिलेटरवर गेले.

घरी सोडताना मी बजावलं, रक्तातलं कोलिनेस्टरेज, म्हणजे या विषाने निकामी केलेलं एन्झाइम, भरून यायला कित्येक आठवडे लागतील, तोवर औषधाला हात लावायचा नाही, भिजल्या झाडांतही जायचं नाही. भावाने वही काढली, चौथ्या फवाऱ्याच्या ओळीत दवाखान्याचं बिल लिहिलं आणि पेन तसंच धरून मला विचारलं, "डॉक्टरसाहेब, ह्याचे बुडालेले दिवस किती धरू?"