गिलेस्पीने मागितलेली वाट

माझं माहेर खडकीचं. ज्येष्ठ वद्यात तुकोबांची पालखी दापोडीचा पूल ओलांडून बोपोडी, खडकीवरून पुण्याकडे निघायची, तेव्हा बाबा रस्त्याकडेला पाण्याचं पिंप आणि केळ्यांचे घड घेऊन पहाटेपासून उभे असायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःच वारी धरली. त्यांच्या दिंडीत मी दोनदा पंढरपूरपर्यंत चालले. मग नोकरीने ब्रसेल्सला आणलं आणि वारी सुटली, ती सुटलीच.

इथे मला गिलेस्पी भेटला. अलेक्झांडर डग्लस गिलेस्पी, स्कॉटलंडमधल्या लिनलिथगोचा. विंचेस्टरच्या शाळेत शिकला, मग ऑक्सफर्डला. पुढे कायद्याचा अभ्यास करत होता. पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि तो आर्गाइल अँड सदरलँड हायलँडर्स पलटणीत अधिकारी म्हणून फ्रान्सच्या खंदकात येऊन पोहोचला. १९१५च्या उन्हाळ्यात तिथूनच त्याने आपल्या जुन्या हेडमास्तरांना एक पत्र लिहिलं. त्यात म्हटलं होतं की शांतता झाली की इंग्लंड आणि फ्रान्सच्या सरकारांनी मिळून व्होजच्या डोंगरांपासून थेट समुद्रापर्यंत, दोन फौजांच्या मधल्या उद्ध्वस्त पट्ट्यातून एक लांबच लांब रस्ता करावा. पायी चालणाऱ्या यात्रेकरूंसाठी वाटा असाव्यात, सावलीला झाडं लावावीत, आणि जमीन अगदीच वाया जाऊ नये म्हणून फळझाडंही. मग पश्चिम युरोपातला प्रत्येक पुरुष, प्रत्येक बाई, प्रत्येक मूल या वाटेवरून यात्रेला पाठवावं. दोन्ही कडेचे मुके साक्षीदार त्यांना युद्ध म्हणजे काय ते शिकवतील. या वाटेला त्याने नाव दिलं होतं व्हिया साक्रा, म्हणजे पवित्र मार्ग.

मी ते वाचलं आणि त्याच रात्री बाबांना फोन केला. म्हटलं, "बाबा, हा खंदकात बसून वारी मागतोय."

ते पत्र लिहिल्यावर काही महिन्यांतच, २५ सप्टेंबर १९१५ला, उत्तर फ्रान्समधल्या लोसच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी तो गेला. वय २६. देह सापडला नाही. वाटेची कल्पनाही जवळजवळ शंभर वर्षं तशीच पडून राहिली. मग इतिहासकार अँथनी सेल्डन यांच्या हाती ते पत्र लागलं, त्यांनी पाठपुरावा केला आणि २०२१मध्ये ते स्वतः ती वाट चालले. आज 'वेस्टर्न फ्रंट वे' नावाने ती स्वित्झर्लंडच्या सीमेपासून बेल्जियमच्या किनाऱ्यापर्यंत जाते, जवळपास १,००० किलोमीटर. एवढी रजा मला कुठली मिळणार? मी तीन दिवस काढले. वाटेचा नकाशा तंतोतंत पाळायचा नव्हता, गिलेस्पीच्या घरच्या दुःखाचा माग काढत चालायचं होतं. पोहोचायचं होतं २५ सप्टेंबरलाच. आषाढीला पंढरपूर गाठायचं, तसं.

बेथ्यूनला रेल्वेतून उतरले आणि ल तुरेच्या स्मारकाकडे चालू लागले. गिलेस्पीच्या आधी त्याच्या भावाला भेटायचं होतं. टॉम गिलेस्पी म्हणजे होडी वल्हवणारा गडी, १९१२च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवलेला. १८ ऑक्टोबर १९१४ला तो ला बासेजवळ पडला. त्याचाही देह मिळाला नाही. ल तुरेच्या खांबांच्या ओवरीतल्या भिंतींवर १३,०००हून जास्त नावं आहेत, त्यांत त्याचं एक. म्हणजे धाकट्या-थोरल्याचं जाणं एका वर्षाच्या आतलं. टॉम गेला त्याच टापूत पुढच्या वर्षी डग्लस खंदकात उभा होता, आणि तिथूनच त्याने ते पत्र लिहिलं. शत्रूचा सूड घ्यायची भाषा त्यात नाही. दोन्हीकडच्या मेलेल्यांमधून जाणारी वाट आहे. मी त्या भिंतीपुढे बराच वेळ उभी होते.

तिथून तास-दीड तास चाललं की नव्ह शापेल. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये पडलेल्या आणि ज्यांना कबर किंवा चिता मिळाली नाही अशा भारतीय सैनिकांचं स्मारक इथे आहे, ४,७००हून जास्त नावांचं. गोल आवार, दगडी जाळीची भिंत, मधोमध उंच खांब, खाली दोन वाघ बसलेले. वास्तुकार हर्बर्ट बेकर, दिल्लीतले नॉर्थ आणि साउथ ब्लॉक ज्यांनी उभे केले तेच. खांबावर देव एक आहे, विजय त्याचाच, अशा अर्थाची ओळ आहे. चौफेर शेतं, आणि मधे ही आपल्याकडची वाटणारी जाळी.

मी शोधत होते थर्ड सॅपर्स अँड मायनर्स. आमच्या खडकीचे सॅपर्स. लहानपणी त्यांच्या बँडचा आवाज वाऱ्यावर घरापर्यंत यायचा. पूल बांधणारी, सुरुंग खणणारी ही माणसं. २८ ऑक्टोबर १९१४ला त्यांच्या दोन कंपन्यांना ४७व्या शीख पलटणीबरोबर या गावावर चालून जायला सांगितलं. घराघरांतून झुंजत त्यांनी गाव घेतलं, आणि पाठीमागून कुमक न आल्याने ते सोडावं लागलं. टॉम गिलेस्पी गेला त्याला तेव्हा पुरते दहा दिवस झाले होते. भिंतीवर त्या मथळ्याखालची नावं मी एकेक करून मोठ्याने वाचली. ती शेवटची कोणी, कधी, आपल्या उच्चारात वाचली असतील?

संध्याकाळी मुक्कामावरून बाबांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अगं, पण तुझ्या त्या साहेबाची समाधी कुठे आहे?"

"समाधी नाहीच बाबा. नुसतं नाव आहे."

"नाव आहे ना? मग झालं की. आपण तरी दुसरं काय घेऊन चालतो?"

फोन ठेवल्यावर मला पालखी आठवली. लाखो माणसं जिच्यामागे चालतात, तिच्यात असतात फक्त पादुका.

दुसरा दिवस फेस्तुबेर, जिव्हांशी, कालवा असा गेला. वाट सपाट, दिवे घाटासारखी छाती फोडणारी चढण कुठेच नाही, पण दुपारपर्यंत उजव्या टाचेला टरटरून फोड आला. दिंडीतल्या मावशींनी शिकवलेला उपाय केला. सुईने फोडातून दोरा ओवला, तो तसाच आत ठेवला आणि चालू लागले. बिटाच्या शेतांना लागून वाट जाते आणि मैलोगणती सावली नाही. गिलेस्पीने झाडं मागितली होती हे त्या उन्हात फार जाणवलं. आपल्याकडेही पालखी मार्ग रुंद करताना जुने वड गेले. त्या वडांखाली विसावा घेतलेल्या कुणालाही ते विसरता येणार नाही. कालव्याच्या अलीकडे एका शेताच्या बांधावर गंजलेला, हातभर लांबीचा तोफगोळा ठेवलेला दिसला. नांगराला असे गोळे अजून लागतात. शेतकरी ते कडेला काढून ठेवतात आणि बॉम्ब निकामी करणारं पथक येऊन नेतं. मी लांबूनच गेले. कुएंशी गावात एका घराबाहेर टोपलीत सफरचंदं होती. दारातल्या आजींना एक विकत मागितलं, तर त्यांनी पैसे न घेता दोन हातात ठेवली.

२५ तारखेला उजाडायच्या आत निघाले. कुएंशी आणि कांब्रँच्या पुढची ही शेतं, इथूनच त्याची पलटण चालून गेली. पहाटे ५:५०ला इंग्रजांनी विषारी क्लोरीन वायू सोडला, त्यांच्या बाजूने पहिल्यांदाच. वारा जवळजवळ पडलेला होता. या भागात तो वायू उलटून त्यांच्याच खंदकांत शिरला. तरीही हुकूम झाला आणि माणसं वर चढली. गिलेस्पी समोरच्या जर्मन खंदकापर्यंत पोहोचला आणि तिथे पडताना दिसला, असं सांगतात.

आदल्या दिवशी त्याने वडिलांना लिहिलं होतं की मोठी लढाई होणार आहे, आणि तुमची आठवण येत असली तरी मला यातून बाहेर राहावंसं वाटत नाही. हे मला पचवायला जड गेलं आणि अजूनही जातं. सगळ्या युरोपाला शांततेच्या वाटेवर चालवू पाहणारा माणूस स्वतः मात्र आनंदाने त्या धुरात गेला. पण त्याच्या मनाला शिस्त लावणारी मी कोण? त्या बांधावर धुकं हलेपर्यंत नाम घेत बसले, टाळ नव्हते म्हणून टाळीवर.

मग व्हेर्मेलवरून लोस. कोळशाच्या खाणींतल्या मातीचे दोन काळे सुळके खूप लांबून दिसायला लागतात आणि पावलं आपोआप उचलतात. डड कॉर्नरचं स्मारक हमरस्त्याला लागूनच आहे. युद्धानंतर इथे न फुटलेले गोळे, इंग्रजीत 'डड', खच्चून सापडले, म्हणून हे नाव. इथल्या भिंतींवर २०,०००हून जास्त नावं आहेत, देह न मिळालेल्यांची. मुंबईत जन्मलेल्या रडयार्ड किपलिंगचा अठरा वर्षांचा मुलगाही याच लढाईत हरवला, आणि बापाला मरेपर्यंत त्याची जागा कळली नाही.

आर्गाइल अँड सदरलँड हायलँडर्सच्या पाटीवर बोट फिरवत गेले. गिलेस्पी, ए. डी. अक्षरांच्या खाचा बोटाला गार लागल्या. आधी माझा नमस्कार केला, मग बाबांनी सांगितलेला त्यांचा. पिशवीत उरलेलं सफरचंद भिंतीच्या पायाशी, कुणीतरी ठेवलेल्या कागदी पॉपीच्या फुलांशेजारी ठेवलं.

दाराजवळच्या पितळी कप्प्यात भेट देणाऱ्यांची वही असते. नावापुढे गाव लिहायचं असतं. मी ब्रसेल्स लिहिलं, मग ते खोडून देवनागरीत लिहिलं: खडकी, पुणे. आणि खालच्या ओळीत बाबांचं नाव.