पट्टा चौथ्या भोकात

दिवाळीला लेक कॅल्गरीहून आली, ती येताना नातवाचा एक पक घेऊन आली. आइस हॉकीत चेंडू नसतो, ही रबराची काळी चकती असते. वाटीच्या बुडाएवढी गोल, इंचभर जाड. फराळाचं बेसन मोजायला काढलेला काटा ओट्यावरच होता. सहज पक त्यावर ठेवला, 165 ग्रॅम भरला. नातीला हाक मारून तिच्या किटबॅगेतला चेंडू आणायला लावला. तो भरला 160.

मी कितीतरी वेळ त्या काट्यापाशीच उभी होते. नियमाप्रमाणे आपल्या हॉकीचा चेंडू 156 ते 163 ग्रॅमचा आणि पक 156 ते 170 ग्रॅमचा. म्हणजे माझी एक नात ग्वाल्हेरच्या मुरमाड मैदानावर आणि एक नातू कॅनडातल्या बर्फावर जवळजवळ एकाच वजनाची वस्तू अंगावर झेलतात. दोघंही गोलकीपर. असं असूनही एकाचं किट बांधायची पद्धत दुसऱ्याला लावली की काय होतं, ते गेल्या महिन्यात आमच्या घरात घडलं. ते लिहून ठेवायचं म्हणून ही पोस्ट.

आधी माझ्याविषयी थोडं. मी ग्वाल्हेरच्या जिवाजी विद्यापीठाच्या संघात 1981 ते 84 गोलमध्ये उभी राहिले. तेव्हा फोम नव्हता. वेताच्या काड्या, वर कॅनव्हास, आत कापूस, असे पॅड. थंडीत सकाळच्या दवाने भिजले की पाय उचलवत नसे. 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत महिला हॉकी पहिल्यांदा आली आणि आपल्या मुलींनी सुवर्ण जिंकलं. त्या हिवाळ्यात आमच्या मैदानावर एकदम दुप्पट मुली यायला लागल्या, पण पॅडांची जोडी एकच. ज्या मुलीच्या पायाला ती बसेल ती गोलकीपर, असा सरळ हिशोब पहिल्यापासूनच होता. मला ती आधीच बसली होती. माझं गोलकीपर होणं मुळात त्या पॅडांच्या मापाने ठरलं.

ग्वाल्हेरला हॉकी म्हटलं की कॅप्टन रूपसिंगांचं नाव निघतंच. ध्यानचंदांचे धाकटे भाऊ. 1932 च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेला 24–1 हरवलं त्यात त्यांचे दहा गोल. त्यांच्या नावाचं आमचं स्टेडियम मुळात हॉकीचंच. लहानपणी हे दहा गोल ऐकताना माझ्या मनात दर वेळी यायचं, की समोरच्या गोलकीपरच्या पायावर काय असेल? माझे हिरो मात्र महूचे शंकर लक्ष्मण. मराठा लाइट इन्फन्ट्रीतले. 1956, 1960 आणि 1964, अशी तीन ऑलिंपिक खेळले. टोकियोच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानला 1–0 हरवलं तेव्हा गोलमध्ये तेच होते, आणि 1966 च्या आशियाई स्पर्धेत गोलकीपर असून भारताचे कर्णधारही. आज पेनल्टी कॉर्नरचा फ्लिक, म्हणजे स्टिकने ओढून फेकलेला चेंडू, ताशी शंभर किलोमीटरच्या वर येतो. त्यापुढे त्यांच्या काळचं सामान घालून कुणालाही उभं करू नये, पण पाय कसा ठेवायचा हे मी त्यांच्याबद्दल ऐकून ऐकूनच शिकले.

तर, नातीचं किट.

ती तेरा वर्षांची, उंची चार फूट दहा इंच. गेल्या वर्षी तिने गोलमध्ये उभं राहायचं ठरवलं आणि मुलाने 22,500 रुपयांचा सेट आणला. दुकानदार म्हणाला, "वाढत्या अंगाची पोर आहे, एक नंबर मोठाच न्या, दोन वर्षं चालेल." शाळेचा युनिफॉर्म आपण असाच घेतो, म्हणून मुलालाही ते पटलं. मी त्या दिवशी पुण्याला होते. असते तर घेऊ दिला नसता. एक वेळ शूज अर्धा नंबर मोठे चालतील, पॅड चालत नाहीत.

का नाही, ते सांगते. आपल्या हॉकीत गोलकीपरचा पॅड पायाच्या पंजावरच्या किकरवर टेकतो. किकर म्हणजे बुटावर चढवायचा फोमचा जाड तुकडा, ज्याने चेंडू लाथाडायचा. पॅडचा खालचा काप किकरच्या वरच्या काठावर नेमका बसला पाहिजे आणि गुडघ्यासमोरची जाड वळी गुडघ्यासमोरच आली पाहिजे. नातीच्या पॅडची वळी गुडघ्याच्या चार बोटं वर येत होती. नुसती सरळ उभी राहिली की सगळं छान दिसायचं, दुकानातल्या आरशातही छानच दिसलं असणार. पण गोलकीपर सरळ उभी कधी राहते? गुडघे वाकवले की पॅडचं वरचं टोक मांडीला अडायचं, सगळा पॅड वर ढकलला जायचा आणि खाली किकर नि पॅड यांच्यात दोन बोटांची फट पडायची. बरोबर घोट्याच्या वर, जिथे हाडावर मांस नसतं तिथे. शिवाय मागचा पट्टा गुडघ्यामागच्या खोबणीत रुतायचा. तिथे लाल वळ उठलेले मी पाहिले होते.

याच सुमारास नातवाशी व्हिडिओ कॉल झाला. त्याने मोठ्या अभिमानाने आपले पॅड दाखवले. पांढरे, रुंद, 28+1 असं लिहिलेले. इंचांत उंची, आणि अधिकच्या एकाने मांडीकडची वाढ. तो म्हणाला, "ताई, पट्टे सैल ठेवायचे असतात. आमचे सर म्हणतात, पॅड पायाभोवती फिरला पाहिजे." नातीला ते इतकं आवडलं, की दुसऱ्या दिवशी तिने मागचे पट्टे दोन-दोन बोटं सैल केले. वळ जातील म्हणून मीही होकार दिला. वर सांगितलं ना, पक आणि चेंडू एकाच वजनाचे. माझ्याही डोक्यात तेच बसलं होतं.

शाळांमधला सामना होता. दुसऱ्या सत्रात तिच्या डाव्या बाजूला सरपटता फटका आला, अगदी तिच्या आवाक्यातला. तिने डावा पाय बरोबर टाकला, पण पाय जिथे गेला तिथे पॅड गेला नाही. आधीच्या दोन लाथांमध्ये तो बाहेरच्या बाजूला फिरून बसला होता. चेंडू पॅडच्या कडेला लागला, तिथून नडगीच्या उघड्या भागावर आणि मग गोलमध्ये. ती खाली बसली. मी सीमारेषेवरून धावले तेव्हा रडत नव्हती, फक्त पॅडकडे बघत होती. तीन दिवस बर्फ आणि आंबेहळदीचा लेप. हाड शाबूत होतं म्हणून बरं. ती चूक माझी होती, पोरीची नाही.

मग मी बसून नीट समजून घेतलं. बर्फावर गोलकीपर दोन्ही गुडघे एकदम खाली टाकतो, पाय दोन्हीकडे पसरून, त्याला बटरफ्लाय म्हणतात. त्या क्षणी पॅड पायावर फिरून त्याचा दर्शनी भाग समोर यावा लागतो आणि आतली कड बर्फावर आडवी टेकावी लागते. गुडघा पॅडच्या आतल्या बाजूला शिवलेल्या गादीवर उतरतो. म्हणून पट्टे सैल, आणि बुटाच्या टोकाशी पॅड ताणल्या जाणाऱ्या दोरीने बांधलेला. तिथे पॅडचं फिरणं हेच काम. आमच्याकडे उलट. आम्ही उभ्याने लाथ मारतो, धावतो, कुशीवर घसरतो. पाय जिकडे वळेल तिकडे पॅडचं तोंड वळलंच पाहिजे, नाहीतर चेंडू कुठे उडेल याचा भरवसा नाही. वजन एक असलं तरी पाय वेगळं काम करतो, आणि पट्टा पायाच्या कामाप्रमाणे बांधायचा असतो.

हातांचंही तसंच. नातवाच्या डाव्या हातात झेलायचा जाळीदार ग्लव्ह आहे. पक पकडला की खेळ थांबतो. नातीने चेंडू धरून ठेवला तर दंड. म्हणून तिचा डावा ग्लव्ह फळीसारखा सपाट. तो तिने झेलायला वाकवून वाकवून मऊ करायला घेतला होता. ते मात्र मी वेळीच थांबवलं.

वापरलेला सेट दुकानदार परत घेईना. सकाळी माझ्याकडे सरावाला येणाऱ्या अकरावीतल्या एका उंच मुलीचे पॅड तिला तोकडे पडत होते. दोघींच्या आयांना बोलावलं, चहा केला आणि पॅडांची सरळ अदलाबदल केली. नातीला आले ते जुने, खरचटलेले, पण वळी बरोबर गुडघ्यावर. फोम अंगठ्याने दाबून पाहिला, लगेच वर आला, म्हणजे जीव आहे. (फोम उन्हाळ्यात गच्चीवर किंवा बंद गाडीत ठेवू नका. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो, डिंक सुटतो. ओल्या फडक्याने पुसायचा आणि सावलीत वाळवायचा.)

या पॅडांचे पट्टे गेलेले होते. प्लास्टिकची क्लिप खेळता खेळता सरकायची. आधी घरातली निवार लावून पाहिली, घामाने भिजली की ती ढिली पडते. शेवटी महाराज बाड्याच्या चौकाजवळच्या मोचीकाकांकडे गेलो. त्यांचे वडील टांग्याच्या घोड्यांचा साज शिवायचे. त्यांनी पॅड हातात घेतला, उलटा केला, आणि नातीला म्हणाले, "बेटा, पहनके उकडूँ बैठो." कुठल्याही दुकानात हे कुणी सांगितलं नव्हतं. ती तिथेच दुकानापुढच्या पोत्यावर उकिडवी बसली. काकांनी पोटरीवर खडूने खूण केली. चामड्याचे पट्टे कापले, सात भोकं पाडली, बक्कल पायाच्या बाहेरच्या बाजूला घेतलं. आतल्या बाजूला असतं तर पळताना एकमेकांत अडकतं.

कॅनडात हॅमिल्टनला एमिल केनेस्की नावाचे घोड्यांचा साज शिवणारेच एक कारागीर होते. 1920 च्या दशकात त्यांनी क्रिकेटचे पॅड रुंद करून आइस हॉकीच्या गोलकीपरसाठी पॅड बनवले आणि पुढे कित्येक वर्षं मोठमोठे गोलकीपर त्यांचेच पॅड बांधत. मोचीकाकांना मी हे सांगितलं. त्यांनी टोचा बाजूला ठेवला आणि सगळं ऐकून घेतलं. पैसे घ्यायला मात्र बराच वेळ तयार नव्हते.

आता आमच्याकडे रोज ठरलेला क्रम आहे. आधी किकर. बुटाचं टोक किकरच्या टोकापर्यंत पोचलं पाहिजे. तळव्याखालचे पट्टे मुरमाने झिजतात म्हणून बॅगेत एक जास्तीची जोडी. मग पॅड, खालून वर बांधत जायचं. पोटरीचा पट्टा घट्ट, एक बोट जेमतेम जाईल एवढा. गुडघ्यामागचा दोन बोटं सैल, नाहीतर बसता येत नाही. मग दहा वेळा उठाबशा, वाड्याच्या भिंतीवर वीस लाथा, आणि त्यानंतर पाहायचं की पॅड कुठे गेला. आधी पाहून काही कळत नाही. पॅड फिरला असेल तर एक भोक आत. पाय बधिर झाला तर एक भोक बाहेर.

हेल्मेटने आम्हाला सगळ्यात जास्त दमवलं, आणि कारण निघाला केसांचा अंबाडा. ती केस वर घट्ट बांधून हेल्मेट घालायची. मागचा अंबाडा हेल्मेटला पुढे ढकलायचा आणि जाळी इतकी खाली यायची, की तिला स्वतःच्या पायाशी आलेला चेंडूच दिसायचा नाही. ती हनुवटी वर करून खेळायची, आणि मी तिला महिनाभर "मान खाली घाल" म्हणून ओरडत होते! आता मानेजवळ दोन सैल वेण्या, मग हेल्मेट, मागचा पट्टा, हनुवटीचा कप. जोरात नकाराची मान हलवायची. डोकं आणि हेल्मेट एकत्र हललं पाहिजे. मग मी तिच्या बुटाशी चेंडू ठेवते, मान न हलवता दिसतो का विचारते.

हेल्मेट नको म्हणणाऱ्या मुलींना मी जॅक प्लांटची गोष्ट सांगते. मॉन्ट्रियलचा गोलकीपर. 1 नोव्हेंबर 1959 ला न्यूयॉर्कमध्ये पक तोंडावर बसला, टाके पडले. मास्क घातल्याशिवाय बर्फावर परत जाणार नाही म्हणाला. प्रशिक्षकाला मास्क मान्य नव्हता, पण दुसरा गोलकीपर हाताशी नव्हता. प्लांट मास्क लावून उतरला आणि त्यानंतरही मास्क लावून खेळत राहिला. त्याआधी ते लोक उघड्या चेहऱ्याने 165 ग्रॅमच्या त्या चकतीपुढे उभे राहत. मीही पहिलं वर्ष तशीच उभी होते. माझ्या डाव्या भुवईत अजून खाच आहे, ती मुलींना दाखवते. पुढे काही बोलावं लागत नाही.

हे सगळं लेकीला फोनवर सांगितलं तर ती गप्प झाली. तिने लहानपणी मला पट्टे आवळताना पाहिलेलं, म्हणून नातवाचे पट्टेही ती प्रत्येक सामन्याआधी हळूच आवळत होती. सर सैल करायचे, ही घट्ट करायची. आता नाही करणार म्हणाली.

परवा रविवारी सकाळी साडेसातला नातीचा सामना आहे. डाव्या पॅडच्या पोटरीच्या पट्ट्यावर, टोकाकडून चौथ्या भोकाशी, निळ्या पेनाची खूण केली आहे. थंडी फार वाढली आणि आत लोकरी पायजमा घातला, तर तिसरं.