नव्वद भागिले नऊ

माझ्या जुन्या हार्ड डिस्कवर एका सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या एस्टिमेटची, म्हणजे श्रम आणि कालावधी यांच्या अंदाजाची, एक एक्सेल शीट मी मुद्दाम जपून ठेवली आहे. तिच्या तळाशी तीन आकडे आहेत: एकूण श्रम ९० मॅन-मंथ (एका माणसाचे एका महिन्याचे काम म्हणजे एक मॅन-मंथ), माणसे ९, कालावधी १० महिने. तिसऱ्या आकड्यावर क्लिक केले की वरच्या पट्टीत सूत्र दिसते, आणि ते सूत्र म्हणजे पहिल्या आकड्याला दुसऱ्याने दिलेला साधा भाग आहे. आमच्या पहिल्या मसुद्यात माणसे साडेसहा आणि महिने १४ होते. एका मोठ्या पतसंस्थेसाठी ठेवी, कर्जे आणि हिशेब यांचे नवे सॉफ्टवेअर करायचे होते, काम जूनमध्ये सुरू होणार होते आणि नवे आर्थिक वर्ष १ एप्रिलला नव्या सॉफ्टवेअरवरच उघडायचे, असे संस्थेच्या संचालक मंडळाने ठरवले होते. म्हणून बैठकीत मी माणसांच्या चौकटीत ९ लिहिले, कालावधीची चौकट आपोआप १० झाली, आणि जून ते मार्च हे बरोबर दहा महिने असल्यामुळे त्या बैठकीत पुढे कोणी काही विचारले नाही.

ते सॉफ्टवेअर प्रत्यक्षात पुढच्या १ ऑक्टोबरला, म्हणजे १६ महिन्यांनी सुरू झाले आणि त्याला १४२ मॅन-मंथ लागले. या क्षेत्रात वीस वर्षे काढल्यानंतरही एस्टिमेटचा विषय निघाला की मला ती चौकट आठवते, कारण आमची चूक श्रमाच्या आकड्यात जेवढी होती, त्याहून अधिक त्या भागाकारात होती.

मॅन-मंथ हे एकक खर्च मोजण्यासाठी चांगले आहे. एका माणसाचे एका महिन्याचे काम, गुणिले त्याचा दर, एवढा हिशेब त्यातून नीट होतो. मात्र त्यातला माणूस आणि त्यातला महिना यांची अदलाबदल करता येते असे गृहीत धरले की घोटाळा सुरू होतो. आयबीएमच्या ओएस/३६० या प्रणालीचे काम सांभाळलेले फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच हे लिहून ठेवले होते, आणि उशीर झालेल्या प्रकल्पात माणसे वाढवली तर तो आणखी लांबतो, हे त्यांचे निरीक्षण आमच्याकडे प्रत्येकाला तोंडपाठ आहे. तोंडपाठ असूनही डिसेंबरमध्ये आम्ही आणखी चार जण घेतले. सहा माणसांत एकमेकांशी बोलण्याच्या जोड्या १५ होतात, नऊ माणसांत ३६ आणि तेरा माणसांत ७८. त्या चौघांना कर्जाचे मॉड्यूल समजावून देण्यासाठी जिला बसवले, तीच त्या मॉड्यूलची मुख्य प्रोग्रॅमर होती. त्यामुळे डिसेंबरचे तीन आठवडे ते मॉड्यूल जागेवरून हलले नाही. नवा माणूस पहिल्या महिन्यात काम देत नाही एवढेच आपण धरतो, पण तो जुन्या माणसाचेही काम थांबवतो, हे एस्टिमेटच्या कुठल्याच ओळीत लिहिलेले नसते.

श्रम आणि कालावधी यांचे खरे नाते काय असते, हे बॅरी बोएम यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या कोकोमो या पद्धतीतून मला पहिल्यांदा नीट समजले. ६३ प्रत्यक्ष प्रकल्पांच्या नोंदींवरून त्यांनी सूत्रे बसवली होती. ओळखीचे काम आणि लहान, अनुभवी संघ असेल, तर श्रम म्हणजे कोडच्या हजार ओळींच्या संख्येचा १.०५ वा घात गुणिले २.४, आणि महिने म्हणजे त्या श्रमांचा ०.३८ वा घात गुणिले २.५. यात ३२ हजार ओळी घातल्या, तर ९१ मॅन-मंथ आणि सुमारे १४ महिने येतात, म्हणजे सरासरी साडेसहा माणसे. आमचा पहिला मसुदा जवळपास हाच होता. ओळी दुप्पट केल्या, तर श्रम दुपटीहून थोडे वाढून १८९ होतात, पण कालावधी १४ वरून जेमतेम १८ महिन्यांवर जातो. काम वाढले की संघ वाढतो आणि वेळ त्या मानाने कमी वाढतो, हे यातून दिसते. याची दुसरी बाजू अशी की प्रत्येक कामाला त्याचा स्वतःचा असा एक कालावधी असतो आणि तो हवा तेवढा दाबता येत नाही. बोएम यांनी ही मर्यादा मूळ कालावधीच्या ७५ टक्के एवढी सांगितली आहे. १४ महिन्यांचे ७५ टक्के म्हणजे साडेदहा महिने. आम्ही दहा महिने कबूल केले, म्हणजे जी जागा त्यांनी अशक्य म्हणून सोडली होती, त्या जागेत आम्ही पहिल्या दिवशीच पाऊल टाकले होते.

याच सूत्रांचा आणखी एक धडा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. तेच ३२ हजार ओळींचे काम कडक बंधनांत अडकलेल्या प्रकारात मोडत असेल, तर गुणक ३.६ आणि घात १.२० होतो आणि श्रम २३० मॅन-मंथ येतात. आकार तोच असून श्रम अडीच पट होतात. एस्टिमेट करताना आपण स्क्रीन किती, रिपोर्ट किती, हे मोजण्यात दिवस घालवतो आणि काम कोणत्या प्रकारचे आहे या प्रश्नाला पाच मिनिटे देतो. आज कोडच्या ओळी मोजणे मागे पडले आहे आणि त्या सूत्रांतील आकडे जसेच्या तसे वापरावेत असे मी कोणालाही सांगणार नाही. मला मोल वाटते ते त्यांच्या घडणीचे.

आता आमच्या श्रमाच्या आकड्यातील चुकीकडे वळतो. शीटमध्ये एक ओळ होती, ‘जुना डेटा नव्या प्रणालीत आणणे’, आणि तिच्यासमोर ५ दिवस. जुने सॉफ्टवेअर फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रणालीतले होते, टेबले मोजकी होती, त्यामुळे पाच दिवस कोणालाही कमी वाटले नाहीत. ऑगस्टमध्ये आम्ही खातेदारांचे टेबल उघडले, तेव्हा नावांच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची रांग दिसली, कारण ती नावे युनिकोड, म्हणजे सगळ्या लिपींसाठीची आजची सामाईक संकेतपद्धती, येण्यापूर्वीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. त्या फॉन्टमध्ये अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवली जातात, तर युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. शिर्के हे एकच आडनाव घ्या. जुन्या फॉन्टमध्ये आधी ऱ्हस्व वेलांटी, मग श, मग क, मात्रा आणि सर्वांत शेवटी रफार येतो. युनिकोडमध्ये श आधी, वेलांटी त्याच्यामागून, मग रफाराचा र आणि त्यानंतर क व मात्रा. म्हणजे एका चिन्हाच्या जागी दुसरे चिन्ह ठेवून भागत नाही, प्रत्येक वेलांटी आणि प्रत्येक रफार उचलून योग्य जागी न्यावा लागतो. त्यातही संस्थेच्या दोन शाखांनी दोन वेगळे फॉन्ट वापरले होते. माझे दोन सहकारी या एका ओळीवर सात आठवडे बसले, आणि तरीही शेवटची काही हजार नावे शाखेतील लिपिकांनी पासबुके समोर ठेवून डोळ्यांनी तपासली. ठेवीदाराचे नाव चुकले, तर उद्या त्याच्या वारसाला पैसे मिळताना अडचण येते. त्यामुळे हे काम उरकून टाकण्यासारखे नव्हतेच.

तो अंदाज देताना आम्ही कोणी आळस केला नव्हता. माणूस स्वतःच्या कामाचा अंदाज करताना ते सुरळीत पार पडल्याचे चित्र डोळ्यांपुढे आणतो आणि त्या चित्राची लांबी मोजतो. रॉजर ब्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९९४ च्या अभ्यासात विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत होईल असे विचारले होते. त्यांचा सरासरी अंदाज ३३.९ दिवस होता, सगळे काही बिघडले तर किती लागतील याचे उत्तर ४८.६ दिवस होते, आणि प्रत्यक्षात ५५.५ दिवस लागले. यातला मधला आकडा मी विसरू शकत नाही, कारण वाईटात वाईट अंदाजसुद्धा वस्तुस्थितीपर्यंत पोहोचला नव्हता. म्हणून मी आता ‘किती दिवस लागतील?’ या प्रश्नाआधी ‘मागच्या वेळी अशाच कामाला किती लागले होते?’ असे विचारतो. त्यासाठी मागच्या वेळची नोंद असावी लागते, आणि बहुतेक संघांकडे टाइमशीट असते ती ग्राहकाला बिल लावण्यासाठी. कोणत्या कामाला किती वेळ गेला, हे तिच्यातून शोधून सापडत नाही. ही नोंद ठेवण्याचा कंटाळा करणाऱ्या संघाला कोणतेही सूत्र दिले तरी त्याचा उपयोग होणार नाही, असे माझे ठाम मत आहे.

माणसे नेमण्याचे वेळापत्रकही स्वतंत्रपणे मांडावे लागते. आमच्या शीटमध्ये पहिल्या दिवसापासून नऊ माणसे सपाट रेषेत होती. लॉरेन्स पुटनम यांनी १९७८ मध्ये दाखवलेला, प्रकल्पावरील माणसांच्या संख्येचा आलेख हळूहळू चढतो, मध्ये शिखर गाठतो आणि मग उतरतो, कारण सुरुवातीला करण्यासारखे काम माहीतच नसते. आम्ही जूनमध्ये नऊ जण बसवले, तेव्हा पाच जणांना देण्याजोगे काम ऑगस्टपर्यंत नव्हते आणि त्यांनी जे करून ठेवले ते पुढे बरेचसे बदलावे लागले. शिवाय आपल्याकडे ९० दिवसांचा नोटिस पिरियड सर्रास असतो, म्हणजे आज निवडलेला अनुभवी माणूस तीन महिन्यांनी जागेवर येतो, आणि आज राजीनामा देणारा त्याच तीन महिन्यांत मनाने निघून गेलेला असतो. दहा महिन्यांच्या प्रकल्पात तीन महिने हा किरकोळ आकडा नाही.

ग्राहकाचे कॅलेंडर तर आम्ही पाहिलेच नव्हते. वापरकर्त्यांकडून चाचणी करून घेण्यासाठी शीटमध्ये मार्च महिना होता. पतसंस्थेत मार्च म्हणजे वसुली. व्यवस्थापकापासून शिपायापर्यंत सगळे थकबाकीदारांच्या दारात उभे असतात. चाचणीला बसायला आम्हाला पूर्ण महिन्यात एक निवृत्तीला आलेले हिशेबनीस मिळाले, तेही दुपारी तीननंतर. त्यांनी दाखवलेल्या मुदत ठेवींच्या व्याजातील चुका आम्हाला स्वतःहून कधीच सापडल्या नसत्या. त्याच महिन्यात १ एप्रिलची तारीख सोडावी लागली.

सध्या माझ्यासोबत एक तरुण सहकारी आहे. मागच्या आठवड्यात त्याने अशाच एका संस्थेचा डेटा आणण्यासाठी ५ दिवस लिहून आणले. मी आकड्यावर काहीच बोललो नाही; संस्थेकडून नमुन्याच्या ५० नोंदी मागव आणि माझ्यासमोर उघड, एवढेच सांगितले. नावे युनिकोडमध्ये होती, पण १२ नोंदींत जन्मतारखेच्या जागी खाते उघडल्याची तारीख होती. संध्याकाळी त्याने तीन आकडे आणले: कमीत कमी ४ दिवस, बहुधा ९, जास्तीत जास्त २६. पहिला आणि शेवटचा एकेकदा, मधला चारदा धरून त्याने सहाने भाग दिला आणि ११ काढले. त्याला विचारले की ही रीत सगळ्या ओळींना लावून बेरीज केली तर कुठे जास्त कुठे कमी होऊन शेवटी जुळेल का, तेव्हा तो हो म्हणाला. मग आम्ही ओळी पुन्हा वाचल्या. चाळीसपैकी चौदा ओळी त्याच अस्वच्छ डेटावर अवलंबून होत्या. तो बिघडला तर चौदाही ओळी एकाच दिशेने लांबणार, एकमेकींना सावरून घेणार नाहीत. त्याने त्या चौदा ओळी पिवळ्या केल्या आणि ग्राहकाला पाठवायच्या पत्रात एका तारखेऐवजी ऑगस्टचा मध्य ते नोव्हेंबरचा शेवट असे लिहून, पहिल्या सहा आठवड्यांनंतर हे अंतर कमी करून कळवू, असे खाली जोडले. पत्र सोमवारी गेले आहे.